रोडग्यांच्या आरावरचा केक

आमच्या घरात माय मोठ्या बाबांशी बोलत नसे. भांडण काही नव्हतं. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मायचे भासरे. आणि भासऱ्यासमोर धाकट्या सुनेनं पदर नाकापर्यंत ओढायचा आणि तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लग्न होऊन आली त्या दिवसापासून माय त्यांच्याच आंगणात वावरली, त्यांच्यासाठी भाकरी थापली, त्यांचं दुखणंखुपणं काढलं, पण थेट त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. काही सांगायचं असलं की ती मला मध्ये उभी करी. "सांग तुह्या मोठ्या बाबाले, जेवाले चला म्हणा." मोठे बाबा समोरच्या बाजेवर बसलेले असत. त्यांनी ते ऐकलेलं असे. तरी मी म्हणायचं, "मोठे बाबा, जेवाले चला." मग ते माझ्याकडे पाहून म्हणत, "सांग तुह्या मायले, येतो म्हणा." आणि तेही मी वळून सांगायची. लहानपणी मला हा खेळच वाटे. मी शाळेत असले की माय गोठ्याकडे तोंड करून म्हशीला सांगे, "कोठीतले गहू सरले बाई, आता काय कराचं?" दुसऱ्या दिवशी गव्हाचं पोतं येई. म्हशीला काय काय ठाऊक होतं, याचं मला आता हसू येतं. तेव्हा येत नसे.

हे आधी सांगितलं, कारण मी वर्ध्याला कॉलेजात गेले तेव्हा सगळ्यांनी विचारलं की पोरीचं कसं होणार, तिथं खाईल काय, राहील कशी. मायचं कसं होणार हे कुणी विचारलं नाही. मलाही ते सुचलं नव्हतं.

आमचं गाव तळेगावच्या बाजाराला पायी जाऊन संध्याकाळच्या आत परतता येईल इतक्या अंतरावर. घर एकत्र, चूल एक. पहाटे मोठी माय, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, ताक घुसळायला बसे, आणि रवीच्या घुमण्यानंच मला जाग येई. मग जात्याची घरघर, बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घाट्या, आणि बाबांचं खोकणं. माझे बाबा फार बोलत नसत. थोरल्या भावानं सांगितलं की "हो दादा" म्हणायचं आणि वावराकडे निघायचं, इतकंच त्यांचं बोलणं. घरातला शेवटचा शब्द मोठ्या बाबांचा. त्यांना मूल नव्हतं, आणि त्यांची सगळी माया माझ्यावर होती हेही खरंच. मॅट्रिक झाल्यावर "पुढं शिकू द्या पोट्टीले" हे म्हणणारे तेच. ॲडमिशनच्या दिवशी डोक्याला धुतलेला फेटा बांधून ते माझ्याबरोबर एसटीनं वर्ध्याला आले आणि कॉलेजच्या ऑफिसबाहेर बाकाच्या अगदी टोकावर, बाक घाण होईल अशा भीतीनं, बसून राहिले. त्यांच्याविषयी लिहिताना मला हे बाक विसरून चालत नाही.

मी बी.एस्सी.ला होते. तास इंग्रजीत चालत. मी फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायची आणि हॉस्टेलच्या खोलीत डिक्शनरी घेऊन एकेक शब्द सोडवत बसायची. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे समजत नाही म्हणजे सगळ्यांनाच समजत नसतं की फक्त मलाच, हे विचारायला माणूस नव्हतं. तरीही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मला बरं वाटे. परीक्षानळीत रंग बदलला की मी मनातल्या मनात मायला सांगायची.

केक मी कॉलेजात शिकले नाही. तो हॉस्टेलच्या गॅदरिंगला आमच्या रेक्टरबाईंनी शिकवला. सगळ्या मुलींना पुरायला हवा, खर्च थोडा हवा, आणि अर्ध्या मुली अंडं न खाणाऱ्या. बाईंनी एका मोठ्या घमेल्यात मैदा, साखर, कोको आणि खायचा सोडा एकत्र केला, तेल आणि आंबट ताक ओतलं, कढत पाणी घातलं, आणि लाकडी डावानं ढवळलं. फेटणं नाही, फुगवणं नाही. ते पातळ पीठ पसरट ट्रेमध्ये ओतून जवळच्या बेकरीच्या भट्टीत पाठवलं. परत आलं ते चार बोटं उंच झालेलं, काळंभोर, मऊ. गरम असतानाच बाईंनी त्यावर लोणी, साखर, कोको आणि दुधाचा शिजवलेला पाक ओतला. तो चकचकीत थर जमताना मी पाहत उभी राहिले. सोड्याला ताकातलं आंबट भेटलं की वायू सुटतो, हे मी नुकतंच वहीत लिहिलं होतं. ते असं खाता येतं हे मला ठाऊक नव्हतं. उरलेला कोकोचा डबा बाईंनी मला दिला.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तर घर थोडं वेगळं वाटलं. मोठी माय गुडघ्यानं बसली होती, उठताना भिंत धरी. कापूस फुटला होता, आणि वेचणीला बाया मिळत नव्हत्या. माय रोड झाली होती. मी आल्या आल्या तिनं मला चुलीपाशी बसवलं आणि सांगितलं, "सांग तुह्या मोठ्या बाबाले, म्हशीचं पारडू दूध पेत नाई म्हणा. तीन दिवस झाले मी गोठ्यात बोंबलून राह्यली, कोनी आयकत नाई." मी बाहेर जाऊन सांगितलं. मोठे बाबा म्हणाले, "मले वाटलं ते गाणं म्हणून राह्यली."

मी हसले. माय हसली नाही.

दिवाळीला मोठ्या मायचे भाऊ आले होते, केळझरचे. आम्ही त्यांना केळझरचे मामा म्हणायचो. माणूस थट्टेखोर. ओसरीवर पान लावता लावता त्यांनी मला विचारलं, "काय शिकते वं तू तिथं?"

"केमिस्ट्री."

"म्हणजे काय असते ते?"

मी आठवून आठवून सांगू लागले. आम्ल, अल्क, क्षार. मराठी शब्द मला तिथल्या तिथे सापडेनात. आम्ल म्हणजे आंबट, असं म्हणून मी थांबले.

"आंबट त आमच्या घरी बी हाय बाप्पा. चिंचेचं झाड हाय!" मामा म्हणाले आणि ओसरी हसली. "आन् हे शिकाले एसटीचं तिकीट काढून जा लागते काय? जावयबुवा, दोन वर्सं होऊन राह्यले, पोट्टीले काही दाखवता त आलं पायजे."

मोठे बाबा हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. त्यांना माझ्यामुळे पाहुण्यासमोर खाली पाहावं लागलं होतं. मामांनी लगेच आवाज खाली आणून आपल्या लग्नाच्या पुतण्याचा विषय काढला. तो सेलूला सोसायटीत नोकरीला लागला होता. मी आत गेले. दाराआड माय उभी होती आणि तिच्या हातात कणकेचा गोळा तसाच होता.

दुसऱ्या दिवशी मोठे बाबा मला म्हणाले, "पाय बाई, यंदा वेचणीले मानूस नाई. तुही मोठी माय अशी बसली. लोकं बी बोलून राह्यले. वावरात रोडगे हायेत, चार सोयरे येतीन. त्या दिवशी ठरवू काय कराचं ते." त्यांनी हे हळू आवाजात सांगितलं, आणि म्हणूनच मला भीती वाटली. ते रागावले असते तर रडून भागलं असतं.

दरवर्षी वेचणीनं जोर धरण्याआधी आमच्या वावरातल्या मारोतीला रोडग्यांचा नैवेद्य असे. भाऊबंद, सोयरे, वेचणीच्या बाया, गडी, सगळ्यांचं जेवण वावरातच. मी रात्रभर विचार केला. आम्ल आणि अल्क दाखवता येत नाहीत. इंग्रजी पुस्तक दाखवलं तर कोण वाचणार? एक गोष्ट मात्र अशी होती जी सगळ्यांच्या पानात वाढता येईल. सकाळी मी म्हटलं, "मोठे बाबा, रोडग्यांच्या दिवशी मी केक करते. सगळ्यायले पुरीन इतका."

त्यांचे डोळे एकदम लकाकले. "वर्ध्यावानी?"

"वर्ध्यावानी."

मोठ्या मायचा पहिला प्रश्न, "अंडं त नाई नं टाकत त्यात? मारोतीचं काम हाय." मी ताकाचं सांगितलं. तिनं कोकोच्या डब्यात नाक घातलं आणि म्हणाली, "हे त कात हाय. पानात लावाचं सोडून खाते काय तुमी लोकं?" पण ताक तिनंच राखून ठेवलं, चांगलं आंबट होईपर्यंत.

ट्रे कुठून आणायचा हा प्रश्न होता. तो मोठ्या बाबांनी सोडवला. गोड्या तेलाचे दोन रिकामे डबे त्यांनी कापून उघडले, पत्रा दगडावर ठेवून लाकडी मोगरीनं सपाट केला, दोन्हींची किनार एकमेकांत दुमडली आणि चारी बाजूंनी काठ उभे केले. दिवसभर आंगणात तो ठोक ठोक आवाज चालला होता. शेवटी त्यात पाणी भरून ते उकिडवे बसले आणि खालून हात फिरवत राहिले. "थेंब नाई गळत," ते म्हणाले. त्या क्षणी मला वाटलं की झालं, मी जिंकले. जो माणूस माझ्यासाठी दिवसभर पत्रा ठोकतो तो मला थांबवेल कसा? एवढं साधं मला कळत नव्हतं की तो माणूस दोन्ही गोष्टी एकाच मायेनं करू शकतो.

वावरात त्या दिवशी पहाटेच बैलबंडी गेली. गोवऱ्यांचा लांब आर, म्हणजे निखाऱ्यांचा पट्टा, पेटवला होता. पुरुषमाणसं रोडगे भाजत होती. हे काम आमच्याकडे पुरुषांचं. कणकेचे गोळे आरात टाकायचे, काठीनं उलटेपालटे करायचे, वरचं फुटलं की राख झटकून फडक्यात घ्यायचे. एका चुलीवर वांग्याच्या भाजीचा गंज, दुसरीवर तुरीचं वरण. मी एका कडेला घमेल्यात पीठ कालवलं. ताक ओतल्यावर त्यावर बुडबुडे आले तेव्हा वेचणीच्या बाया जवळ सरकल्या. "वं माय, हे त जितं हाय!" एकजण म्हणाली.

आराचा एक भाग पसरून मोठ्या बाबांनी तीन विटा मांडल्या, त्यावर ट्रे, ट्रेवर दुसरा पत्रा झाकण म्हणून, आणि त्या पत्र्यावरही निखारे. ही युक्ती त्यांचीच. पण थोड्या वेळानं त्यांना राहवेना. सांडशी घेऊन ते उठले. "आता उलटवा लागते."

"नाई मोठे बाबा, हा उलटवत नाई."

"रोडगा उलटवला नाई त इकडून कच्चा राह्यते बाई. माह्यं आयुष्य गेलं आरापाशी."

"हा पातळ हाय. सांडून जाईन." मी त्यांच्या आणि ट्रेच्या मध्ये उभी राहिले. त्यांच्या कामात मी आयुष्यात पहिल्यांदा आड आले होते. सगळे पाहत होते. त्यांनी सांडशी खाली ठेवली. "बरं. तुहा हाय, तू पाय."

झाकण काढलं तेव्हा वास आधी आला. गोवरीच्या धुरात मिसळलेला तो गोडसर, कडवट वास मला पुढे कुठल्याच भट्टीतून आलेला नाही. कडा थोड्या करपल्या होत्या, एका कोपऱ्याला राख लागली होती, पण केक फुगला होता. मी वर पाक ओतला. सराट्यानं, म्हणजे उलथण्यानं, बर्फीसारख्या वड्या पाडल्या. मारोतीपुढे रोडग्याशेजारी एक वडी ठेवली गेली.

पुरुषांची पंगत बसली. मी आणि माय वाढत होतो. माय पदर ओढून वाकून वाढत होती. केकचं ताट तिनंच घेतलं होतं. बहुतेक तिला ते आपल्या हातानं वाढायचं होतं. पहिल्यांदा सगळे बिचकले. मग एकानं खाल्ला, मग दुसऱ्यानं, आणि पंगतीत एक वेगळाच आवाज सुरू झाला. "आण वं इकडे." "मले कोपऱ्यातला दे, करपलेला." वेचणीवाल्या बायांच्या पोरांनी बोटं चाटली. केळझरच्या मामांनी दोन वड्या संपवल्या आणि तिसरी हातात धरून म्हणाले, "जावयबुवा, मी हरलो. पोट्टी शिकली बाप्पा! इतल्या लोकायले पुरवून उरवनं, आन् असं गोड! आमच्या पुतन्याचं नशीब उघडलं समजा."

मोठे बाबा इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी साऱ्या पंगतीवरून नजर फिरवली. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मंग! माही पोट्टी हाय. शिकाचं होतं ते शिकून झालं. आता कायले जाते वर्ध्याले? यंदा वेचणी, आन् फागुनात लगन."

सगळे हसले. कुणीतरी शाब्बास म्हणालं. माझ्या हातात वरणाची बादली होती. मी बाबांकडे पाहिलं. बाबा पत्रावळीतला रोडगा कुस्करत होते.

मी आजवर खूप जणांना हे समजावून सांगायचा प्रयत्न केला आहे आणि कुणालाच नीट सांगता आलेलं नाही. केक बिघडला असता तर मी आणखी शिकायला हवं असं म्हणता आलं असतं. तो चांगला झाला होता.

माय त्या वेळी मोठ्या बाबांच्या पानासमोर ताट घेऊन वाकली होती. ती सरळ झाली. मी आपोआप दोन पावलं तिच्याकडे गेले, कारण तिला काही सांगायचं असलं तर ते मलाच सांगायचं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

"पोट्टी वर्ध्याले केक शिकाले नाई गेली," ती म्हणाली.

तिनं त्यांना हाक मारली नाही. काय म्हणून हाक मारायची हे तिला ठाऊकच नव्हतं. आवाज पदराआडून आला, पण तो म्हशीला उद्देशून नव्हता आणि मलाही नव्हता.

"ते काय शिकते ते मले समजत नाई," माय म्हणाली. "तुमाले बी समजत नाई. समजत नाई म्हनून थांबवता काय? ते जाईन. सोमवारच्या गाडीनं जाईन."

आराकडून एक गोवरी फुटल्याचा आवाज आला. मोठे बाबा मायच्या पायांकडे पाहत होते. मग त्यांनी अर्धा रोडगा पानात तसाच ठेवला आणि ते उठले. आमच्याकडे घरचा मोठा माणूस पानावरून उठला की पंगत उठते. एकेक करून सगळे उठले. पत्रावळींवर भाजी, वरण, तुपात भिजलेले रोडगे आणि उष्ट्या काळ्या वड्या तशाच राहिल्या. मारोतीचं अन्न टाकून लोक उठले, हे आमच्या भाऊबंदांत कितीतरी वर्षं सांगितलं जात होतं. मी पाहिलं, केळझरच्या मामांनी मात्र हातातली वडी खाली ठेवली नव्हती.

घरी ओरडाआरडा झाला नाही. रात्री बाबांनी मायला फक्त विचारलं, "काऊन बोलली?"

"तुमी बोलले असते त मी बोलली नसती," माय म्हणाली. बाबा कूस बदलून निजले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाबांनी बाबांना ओसरीवर बोलावलं आणि चुली वेगळ्या करू असं सांगितलं. बाबा म्हणाले, "हो दादा." माझ्या जाण्याविषयी कुणी हो म्हणालं नाही आणि नाही म्हणायलाही कुणी उरलं नाही.

रविवारी आंगणात भांडी मांडली. मोठी माय भिंत धरून बसली होती आणि रडत रडत वाटे लावत होती: ही परात तुही, हा गंज माहा, हे ताट तुह्या माहेरचं. पुरुषांनी यात पडायचं नसतं. मोठे बाबा गोठ्यात होते. थोड्या वेळानं ते बाहेर आले. त्यांच्या हातात तो ट्रे होता. राख आणि पाक घासून काढलेला, इतका की आतल्या पत्र्याला पुन्हा तेलाच्या डब्याची चमक आली होती. तो कुणी घासला हे मी विचारलं नाही. गोठ्यात दुसरं कोणी नव्हतं.

ते आमच्या वाट्याच्या भांड्यांजवळ येऊन उभे राहिले. माय खाली बसली होती. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

"हा वर्ध्यावालीचा हाय म्हना," ते भिंतीला म्हणाले.

मायनं पदर नाकापर्यंत ओढला. मग ती माझ्याकडे वळली, रोजच्यासारखी.

"सांग त्यायले," ती म्हणाली, "ठेवून द्या म्हना."

दोघांच्या मध्ये वीतभर भांडी होती. मी सांगितलं, "मोठे बाबा, माय म्हणते, ठेवून द्या." त्यांनी ट्रे परातीवर अलगद ठेवला, आवाज होऊ न देता, आणि ते गोठ्यात परत गेले.

माझी पेटी बांधून दारात ठेवली होती. आता दोन चुली, दोन दारं, आणि उद्यापासून यांच्यातला निरोप इकडून तिकडे न्यायला मी नसणार होते. मी मायजवळ बसले आणि भांडी उचलू लागले. तिनं सवयीनं सगळ्या घराच्या स्वयंपाकाची मोठी परात ओढली, तिच्याकडे पाहिलं, आणि आम्हा तिघांचीच कणीक त्यात मळायला घेतली.